जिबरेलिननिर्मितीचे जीन-नियंत्रण

जिबरेलिने हा खोडाची लांबी, बीजांकुरण व फुलोरा यांवर प्रभाव असलेल्या वनस्पति-हॉर्मोनांचा (उत्तेजक द्रव्यांचा) एक गट होय. त्यांच्या निर्मितीस आवश्यक असलेल्या जीनांची (आनुवंशिक घटकांची) क्रियाशीलता वनस्पती स्वतःच कमीजास्त करते.

भाताची रोपे अतिशय उंच व अशक्त करणाऱ्या ‘बाकानाए’ या कवकजन्य रोगाच्या अभ्यासातून या द्रव्यांचा शोध लागला. कुरोसावा यांनी १९२६ मध्ये तैवानात कवकाच्या केवळ स्रावानेही रोपे लांबतात, असे दाखविले. याबुता यांनी १९३५ मध्ये त्या द्रव्यास ‘जिबरेलीन’ हे नाव दिले. मक्याच्या काही खुज्या प्रकारांना जिबरेलीन दिल्यास त्यांची उंची वाढते, हे बर्नार्ड फिनी यांनी १९५६ मध्ये सिद्ध केले. खुजेपणाचे मूळ हॉर्मोननिर्मितीतील उणिवेत असू शकते, हे त्यावरून दिसून आले.

जिबरेलीन पुरेसे झाले की, त्याच्या निर्मितीच्या अखेरच्या टप्प्यांतील एंझाइमांचे (जीवरासायनिक विक्रिया घडविणाऱ्या प्रथिनांचे) जीन मंदावतात व त्याला निष्क्रिय करणारे जीन कार्यक्षम होतात. प्रमाण घटल्यास याउलट घडते. यात ‘डेला’ या वृद्धिरोधक प्रथिनांचा मोठा वाटा असतो.

आयआर ८ (१९६६) या भाताच्या ठेंगणेपणाचा उलगडा २००२ मध्ये झाला. त्यात अशा एका एंझाइमाचा जीन सदोष असतो. परंतु त्याच कार्याचा दुसरा जीन फुलोऱ्यात शाबूत राहिल्याने दाणे नीट भरतात. वडगाव मावळ (पुणे जि.) येथे आंबेमोहर १५७ व आयआर ८ यांच्या संकरातून ‘इंद्रायणी’ हा वाण निर्माण झाला (१९८७).

ठेंगणेपणा सर्वत्र उपकारक ठरत नाही. सातारा जिल्ह्यातील अवर्षणप्रवण माण तालुक्यासारख्या प्रदेशात ज्वारीच्या दाण्याइतकेच जनावरांसाठी कडब्यालाही महत्त्व असते. मोहोळ (सोलापूर जि.) येथे निवडलेली उंच ‘मालदांडी ३५-१’ रब्बीत टिकून राहण्यामागे हेही एक कारण आहे. ज्वारीच्या एका खुज्या प्रकारातील सदोष जीन जिबरेलीननिर्मितीशी नव्हे, तर ऑक्सिन या अन्य हॉर्मोनाच्या वहनाशी संबंधित असल्याचे २००३ मध्ये आढळले. म्हणून भातातील ठेंगणेपणाचे स्पष्टीकरण ज्वारीस जसेच्या तसे लागू पडत नाही. कोणत्या पिकाची उंची किती घटवावी, हे दाणा व वैरण या दोहोंच्या गरजेवरून ठरवावे लागते.