राष्ट्रगीत कोणाचं?

१९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमधला तो फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिला असेलच. दोनशे मीटरचं पदकवाटप चाललंय, अमेरिकेचं राष्ट्रगीत सुरू आहे, आणि टॉमी स्मिथ व जॉन कार्लोस हे दोन कृष्णवर्णीय धावपटू मान खाली घालून, काळा हातमोजा घातलेली मूठ उंचावून उभे आहेत. नीट पाहिलंत तर स्मिथचा उजवा हात वर आहे आणि कार्लोसचा डावा. कारण अगदी साधं. कार्लोस आपले हातमोजे विसरून आला होता! एकच जोडी दोघांत वाटून घ्या, हे सुचवलं रौप्यपदकवाल्या पीटर नॉर्मनने. हा गोरा ऑस्ट्रेलियन. बाकीच्या दोघांसारखाच मानवी हक्कांच्या मोहिमेचा बिल्ला त्याच्याही छातीवर आहे.

पुढचं माहीत आहे. ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज भडकले. दोघांना घरी पाठवा, नाहीतर अमेरिकेच्या सगळ्या धावपटूंना बाहेर काढू, असा दम भरला गेला आणि दोघांची रवानगी झाली. खेळात राजकारण नको, म्हणे. हेच ब्रंडेज १९३६ मध्ये अमेरिकन ऑलिंपिक समितीचे प्रमुख होते आणि बर्लिनवर बहिष्कार घालायला त्यांचा कडाडून विरोध होता. गंमत म्हणजे पदकवाटपातली राष्ट्रगीतं बंद करावीत असं खुद्द त्यांचंच मत होतं. ते ऐकलं असतं तर हा प्रसंगच आला नसता.

याच ऑलिंपिकमध्ये काही दिवसांनी दुसरा एक निषेध झाला. त्याचा फोटो मात्र आपल्याकडे फारसा कोणी लावत नाही.

वेरा चास्लाव्स्का ही चेकोस्लोव्हाकियाची जिमनॅस्ट. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकची सर्वंकष विजेती. प्राग स्प्रिंगच्या दिवसांत, जून १९६८ मध्ये, सुधारणांच्या बाजूने निघालेल्या 'दोन हजार शब्द' या जाहीरनाम्यावर तिने सही केली. ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे देशात घुसले आणि बाई डोंगराळ भागात जाऊन लपली. ऑलिंपिक दोन महिन्यांवर. सराव कसा करायचा? झाडाच्या फांद्यांना लोंबकळून आणि बटाट्याची पोती उचलून! एवढ्यावर तिने मेक्सिकोत चार सुवर्ण आणि दोन रौप्यपदकं मिळवली.

त्यातलं एक रौप्य बॅलन्स बीमवर, सोव्हिएत खेळाडूच्या मागे. फ्लोअरवर ती एकटीच पहिली येणार होती, पण पंचांनी लारिसा पेत्रिकचे आधीचे गुण वाढवले आणि सुवर्ण दोघींत वाटलं गेलं. म्हणजे दोन वेळा तिला सोव्हिएत राष्ट्रगीत ऐकत उभं राहावं लागलं. दोन्ही वेळा तिने मान उजवीकडे वळवून खाली घातली. बस्, एवढंच. मूठ नाही, मोजा नाही. देशात टीव्हीपुढे बसलेल्यांना जे कळायचं ते कळलं.

तिला शिक्षा केली ती तिच्याच सरकारने. सही मागे घ्यायला तिने नकार दिला आणि पुढची कित्येक वर्षं तिला धड प्रशिक्षकाचं कामही करू दिलं नाही. १९८९ नंतर मात्र ती राष्ट्राध्यक्ष हावेल यांची सल्लागार झाली.

२०१६ मध्ये फुटबॉलपटू कॉलिन केपर्निक आधी राष्ट्रगीताला बसून राहिला आणि मग गुडघा टेकू लागला, तेव्हा इथल्या आपल्या मराठी मंडळींतही वाद रंगले. शाळेपासून आपल्याला 'सावधान'ची सवय, त्यामुळे बहुतेकांना ते खटकलंच. पण वेराची गोष्ट सांगितली की तेच लोक "वा!" म्हणतात. मला यात मोठी गोम दिसते. वेराने मान फिरवली ती परक्या राष्ट्रगीतापुढे. ते राष्ट्रगीत ज्यांच्या सैन्याचं होतं, ते आपल्याला कोणी लागत नाहीत. स्मिथ, कार्लोस आणि केपर्निक यांचं भांडण स्वतःच्या घराशी होतं, आणि ते पचवणं अवघड जातं. मला विचाराल तर जास्त धाडस त्यालाच लागतं. परक्याविरुद्ध उभं राहिलं की घरचे निदान मनातून तरी पाठीशी असतात, इथे घरचेच अंगावर येतात. केपर्निकला २०१६ च्या मोसमानंतर एकाही संघाने घेतलं नाही.

आणि नॉर्मन? वाजत होतं ते ना त्याचं राष्ट्रगीत, ना त्याच्या शत्रूचं. त्याला गप्प उभं राहून पदक घेऊन घरी जाता आलं असतं. २००६ मध्ये तो गेला, तेव्हा त्याच्या शवपेटीला खांदा द्यायला स्मिथ आणि कार्लोस ऑस्ट्रेलियाला गेले. तिथल्या संसदेने माफी मागितली ती २०१२ मध्ये.

कॅलिफोर्नियात सॅन होजे स्टेट विद्यापीठात, जिथे स्मिथ आणि कार्लोस शिकले, तिथे २००५ पासून या प्रसंगाचा पुतळा आहे. त्यात नॉर्मनची जागा रिकामी आहे, त्याच्याच इच्छेने, म्हणजे येणाऱ्याला तिथे उभं राहता यावं. कधी त्या बाजूला गेलात तर चढून बघा.