तळटीप : सोन्या-चांदीचे द्विधातू नॅनोकण

१२. द्विधातू नॅनोकण : एकाच अतिसूक्ष्म कणात दोन धातू. या मापाला सोने पिवळे राहत नाही. गोल सुवर्णकण ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषतात, म्हणून त्यांचे द्रावण माणकासारखे लाल दिसते. चांदीचे कण ४०० च्या सुमारास शोषतात व पिवळे दिसतात. दोन्ही धातू एकजीव केले, की शोषणाचे एकच शिखर मधे कुठेतरी येते आणि चांदी वाढवावी तसे ४०० कडे सरकते. आकारही तितकाच निर्णायक : कण दांड्यासारखा लांबवला, तर शोषण अवरक्तापर्यंत जाते.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत बालाजी जागीरदार यांच्या गटाने असे कण एकसारख्या मापाचे करण्यावर काम केले आहे. मराठी वाचकाने पुण्याचे उदाहरणही आवर्जून लक्षात ठेवावे : २००४ मध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री व सहकाऱ्यांनी कडुलिंबाच्या पाल्याच्या अर्कातून सोन्याचा गाभा व चांदीचे कवच असलेले कण मिळवले, आणि गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी कण.

असे कण रामन परिणामाचा क्षीण संकेत लाखो पटींनी वाढवतात. खडबडीत चांदीवर ही वाढ प्रथम १९७४ मध्ये नोंदली गेली. चंद्रशेखर वेंकट रामन बंगळूरला १९७० मध्येच निवर्तले होते. – संपा.