काळी जमीन आणि तिची प्रतवारी



गांवाचें वर्णन करतांना आपल्या पूर्वजांना दोनच शब्द पुरत असत : काळी आणि पांढरी. पांढरी ही वस्तीची जागा आणि काळी ही पिकाची. या काळीची परीक्षा कोणीं, केव्हां आणि कोणत्या मापानें केली, याचा इतिहास आज आपणांपुढें ठेवावयाचा आहे. विषय रुक्ष वाटेल. परंतु मला त्याची गोडी लागली ती पुस्तकांतून नव्हे, एका शेतामुळें.

माझ्या थोरल्या चुलत्यांचें नीरेच्या खोऱ्यांत एक शेत होतें. जुन्या प्रतवारींत तें सोळा आण्यांचें, म्हणजे अव्वल नंबरचें. त्याच्या उशाला चढावर दुसऱ्या एका गृहस्थांचा मुरमाड तुकडा होता. त्याला जेमतेम सहा आणे मिळाले होते. पुढें पाटाचें पाणी आलें, ऊस उभा राहिला, आणि पंधरा-वीस वर्षांत चुलत्यांचें शेत पांढरें पडून चोपण झालें. शेजारचा मुरमाड तुकडा मात्र डोलत राहिला. "सरकारनें सोळा आणे लिहिले ते खोटे काय रे मास्तर?" असें चुलते मला विचारीत. मीं शाळेंत भूगोल शिकवीत असें, पण उत्तर देतां येत नसे.

जमिनीची अव्वल, दूम, सीम अशी वांटणी आपल्याकडे फार जुनी आहे. मलिक अंबराच्या धाऱ्याचें नांव अजून ऐकूं येतें. पण शेताशेतांत उकरून, मापून, कागदावर आंकडा मांडून केलेली प्रतवारी ही इंग्रजी अमलांतली गोष्ट आहे, आणि तिची सुरुवात अपयशानें झाली. पुणें जिल्ह्यांत १८२७ सालीं प्रिंगल या अधिकाऱ्यानें पाहणी आरंभिली. प्रत्येक जातीच्या जमिनीचें उत्पन्न किती, मशागतीचा खर्च किती, आणि खर्च वजा जातां उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे शेंकडा पंचावन्न सरकारचे, असा त्याचा हिशेब होता. विलायतेच्या अर्थशास्त्रांत हा हिशेब चोख दिसत होता. पण उत्पन्नाचे आंकडे आणावयाचे कोठून? ते हाताखालच्या लोकांनीं आणले, आणि बरेचसे मनचे आणले. त्यांत धान्याचे भाव उतरले, पाऊस चुकला. इंदापूर तालुक्यांत शेतें पडीत पडलीं, आणि माणसें गांव सोडून परमुलुखांत गेलीं.

ही पडीत जमीन पुन्हां नांगराखालीं आणण्यासाठीं १८३५ सालीं गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट हे दोघे इंदापुरास आले. त्यांनीं उत्पन्नाचा नाद सोडला. जमिनीची केवळ तुलना करावयाची, एक शेत दुसऱ्याहून किती सरस एवढेंच ठरवावयाचें, असें त्यांनीं योजिलें. माझ्या मतें या एका माघारींतच त्यांचें खरें शहाणपण आहे. पुढें डेव्हिडसन यांसह त्यांनीं १८४७ सालीं जो संयुक्त अहवाल लिहिला, त्यांत ही पद्धति पूर्णपणें मांडलेली आहे.

ती अशी. पोत आणि रंग पाहून जमिनीच्या तीन जाती केल्या. बारीक, एकसारख्या पोताची, गर्द काळ्यापासून तपकिरीपर्यंत रंगाची ती पहिली. जरा भरड, फिकट, बहुधा तांबूस ती दुसरी. आणि खडेदार, भुसभुशीत, करडी ती तिसरी. मग खोली पाहिली. माप हाताचें, म्हणजे अठरा इंचांचें. पहिल्या जातीची जमीन पावणेदोन हात खोल असेल तर सोळा आणे. दीड हातास चौदा, सव्वा हातास बारा, एका हातास दहा. आणि असें उतरत उतरत तिसऱ्या जातीच्या पाव हात जमिनीस दोन आणे. एकूण वर्ग नऊ. प्रतवारी करणारा शेताचा नकाशा काढून त्याचे सारखे भाग पाडी, प्रत्येक भागांत उकरून पाही, आणि खोली व दोष त्या त्या चौकटींत मांडी. चुनखडीचे खडे, वाळूची भेसळ, जमिनीचा उतार, वाहत्या पाण्याचा मारा, असे दोष ठरलेले होते. एका दोषास एक वर्ग खालीं. एक हात खोल काळी जमीन दहा आण्यांची. पण तिच्यांत चुनखडी असली आणि ती उतरती असली, तर दोन पायऱ्या उतरून सहा आण्यांवर येई.

आतां हवामानाचें पाहा. तीच काळी माती, तितकीच खोल, सह्याद्रीच्या पायथ्याशीं आणि इंदापुराकडे सारखी किंमत कशी पावेल? महाबळेश्वरीं वर्षास पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो; पुण्याच्या बाजूस तो सातशेंच्या आसपास उरतो, आणि पुढें आणखी घटतो. हें विंगेट मंडळींना कळत होतें. म्हणून त्यांनीं आण्यांच्या हिशेबांत पाऊस घातला नाहीं. हवामान, शेतीची रीत आणि बाजाराचें अंतर पाहून गांवांचे गट पाडले, आणि प्रत्येक गटास सोळा आण्यांचा वेगळा दर ठरविला. त्याकाळीं पर्जन्यमापकें थोडीं होतीं. हा निवाडा बव्हंशीं नजरेचा आणि चौकशीचा. हे दर तीस वर्षें कायम. एका खड्ड्यांत कुदळ दोन बोटें कमी गेली, तर एका कुटुंबाच्या एका पिढीचा सारा बदले.

दरम्यान शास्त्रज्ञांचा वाद निराळाच चालू होता. या मातीस त्यांनीं रेगूर हें नांव दिलें होतें, तें तेलुगु भाषेंतून आलेलें. ही माती पाण्याखालीं सांचलेला गाळ आहे असें कांहीं म्हणत, तर ती बेसाल्ट खडक कुजून झाली असें दुसरे म्हणत. दख्खनच्या पठारापुरता दुसरा पक्ष खरा ठरला. नदीकांठची खोल माती मात्र त्याच खडकाचा वाहून आलेला गाळ आहे. रंगानेंहि पुष्कळांना फसविलें. रशियांतल्या काळ्या मातीवर डोकुचायेव यांनीं १८८३ सालीं आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. ती माती कुजलेल्या गवताच्या अंशानें काळी आणि सकस. आमची तितकीच काळी, पण तिच्यांत तो अंश फारच थोडा, आणि नत्राची उणीव सदाची. एकाच बेसाल्टापासून कोंकणच्या घाटमाथ्यावर मुसळधार पावसानें तांबडी जांभी माती होते आणि देशावर काळी, हें पाहिलें म्हणजे माती ठरविण्यांत एकट्या खडकाचें चालत नाहीं, हवामानाचेंहि चालतें, हें ध्यानांत येतें.

चुलत्यांच्या प्रश्नाकडे वळतों. नीरेचा डावा कालवा १८८५ सालीं सुरू झाला, आणि लवकरच त्या खोऱ्यांत जमिनी खारावूं लागल्या. १९१० सालीं डॉ. हॅरल्ड मान आणि तम्हाणे यांनीं या खारवट जमिनींचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढें पाडेगांवच्या ऊस संशोधन केंद्रांतील बसू आणि शिरूर यांनीं १९३८ सालीं नीरा उजवा आणि प्रवरा या कालव्यांखालच्या जमिनींचें वर्गीकरण मांडलें. त्यांनीं खड्डा वरपासून तळापर्यंत थराथरानें वाचला, आणि पाणी दिल्यावर ही जमीन कशी वागेल असा प्रश्न विचारला. तो प्रश्न १८४७ सालीं कोणीं विचारलाच नव्हता. खोल चिकण मातींतून पाणी खालीं निघत नाहीं. पाट वाहूं लागला कीं भूजल वर चढतें, आणि उन्हानें ओढलेलें क्षार पृष्ठावर बसतात. मुरमावरची उथळ माती पाणी सोडून देते. कोरडवाहू जोंधळ्याला जी खोली सोळा आण्यांची, तीच निचरा नसतांना उसाला घातक. चुलत्यांचे सोळा आणे खोटे नव्हते. ते दुसऱ्याच पिकाचे होते. हें मला उमगलें तेव्हां चुलते हयात नव्हते.

आज या मातीचें शास्त्रीय नांव व्हर्टिसॉल. उलटणें, फिरणें या अर्थाच्या लॅटिन धातूपासून तें केलें आहे. तिच्या कसोट्या अशा : चिकणमातीचा अंश निदान शेंकडा तीस, वर्षांतून ठराविक काळीं भेगा पडणें आणि मिटणें, आणि एक मीटरच्या आंत, फुगतां-आकसतांना घांसून गुळगुळीत झालेल्या तिरप्या फळ्या. भेगा वर्षांतून एकूण नव्वद दिवस किंवा अधिक उघड्या राहत असतील तर तो अर्धशुष्क पोटवर्ग. पण गांवोगांव रोज भेगा मोजावयास कोण बसणार? म्हणून पाऊस आणि उष्णता यांच्या नोंदी घेऊन जमीन किती दिवस ओली आणि किती दिवस कोरडी, याचा ताळेबंद मांडतात. थॉर्नथ्वेट यांनीं १९४८ सालीं अशा हिशेबाचा पाया घातला. मातीचें तपमानहि पाहतात. सोलापुराकडे उन्हाळा-हिंवाळ्यांतला फरक सहा अंशांहून कमी, नागपुराकडे अधिक. तेवढ्यानेंहि पोटभेद होतो. नागपुरास १९७६ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेनें देशभरचे असे नकाशे केले आहेत.

त्या अभ्यासांत एक गोष्ट अशी निघाली, कीं ती वाचून मला जुन्या प्रतवारीवाल्यांना नमस्कार करावासा वाटला. पाऊस जसा घटत जातो तशी काळ्या मातींत चुनखडी सांचत जाते, तिच्यामागोमाग सोडियम वाढतें, आणि मातींत पाणी मुरेनासें होतें. विंगेटच्या माणसांना सोडियम ठाऊक नव्हतें. चुनखडीचा खडा दिसला कीं ते एक वर्ग खालीं लिहीत.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या शिवारांत मातीची पाहणी करणारी तरुण मंडळी आली होती. त्यांनीं दीड मीटर खोल खड्डा घेतला. मी कांठावर उभा होतों. त्यांतल्या एका मुलीनें भिंतींतला एक ढेकूळ काढून माझ्या हातीं दिला. त्याची एक बाजू घोटलेल्या पाटीसारखी चकचकीत होती. शेजारीं आमच्या वाड्यांतले एक म्हातारे शेतकरी काठी टेंकून उभे होते. त्यांनीं खड्ड्यांत डोकावून पाहिलें आणि विचारलें, "पावणेदोन हात भरली काय?" मुलीनें फीत लावली. भरली होती.