लैलाचा आवाज आणि पाच वॅटचा डबा

गेल्या गळीत हंगामात पुरुषोत्तमनगरहून भाच्याचा फोन आला. "मामू, पन्नास वॅटचा व्हॉल्व्हवाला ॲम्प्लिफायर मिळतोय, सेकंडहँड. घेऊन टाकू का?"

शहादा तालुक्यातलं हे गाव सातपुडा-तापी परिसर सहकारी साखर कारखान्यामुळे ओळखलं जातं. गाळप सुरू झालं की कारखाने चोवीस तास चालतात, माणसं तीन पाळ्यांत वाटली जातात. माझे मेहुणे रात्रपाळी करून सकाळी घरी येतात आणि दुपारपर्यंत झोपतात. म्हणजे या घरात रात्री शेजाऱ्यांची झोप सांभाळायची आणि दिवसा बापाची. याच गिटारीपायी बाप-लेकात पंधरा दिवस अबोला होता. ॲम्प्लिफायर चुकीचा निवडला, तर पोराची गिटार तरी बंद होणार किंवा घरातलं बोलणं तरी.

मी हो-नाही काही म्हटलं नाही. त्याला लैलाची गोष्ट सांगितली.

गंजा शहरातल्या निजामींनी ११८८ साली 'लैला-मजनू' हे फारसी काव्य पूर्ण केलं. मूळ कथा अरबांची, पण निजामींमुळे ती इराण, तुर्कस्तान, हिंदुस्थानात घराघरात गेली. सुमारे आठशे वर्षांनी ती एरिक क्लॅप्टन या इंग्रज गिटारवादकाच्या हाती पडली. मित्राच्या पत्नीवर त्याचा जीव जडला होता. त्याला आपणच मजनू वाटलो, आणि १९७० साली अमेरिकेतल्या मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत 'लैला' हे गाणं रेकॉर्ड झालं. त्यात क्लॅप्टन आणि ड्वेन ऑलमन यांच्या गिटारी अक्षरशः आक्रोश करतात. ऐकणाऱ्याला वाटावं, मागे ॲम्प्लिफायरची भिंत उभी असेल. प्रत्यक्षात या रेकॉर्डिंगसाठी वापरले होते फेंडर कंपनीचे 'चँप' नावाचे छोटे डबे. ताकद सुमारे पाच वॅट, शेवटचा व्हॉल्व्ह एकच, आणि गिऱ्हाईक मुख्यतः शिकाऊ मुलं!

हे कसं घडलं? तारेतून येणारा गिटारीचा संदेश फार क्षीण असतो. व्हॉल्व्ह तो वाढवतात. पण व्हॉल्व्हकडे त्याच्या कुवतीपेक्षा जास्त मागितलं, की तो लाटेचा माथा हळूहळू दाबू लागतो. कानाला ते गोड खरखरीसारखं लागतं, सूर लांबतो, बोटांच्या दाबाप्रमाणे आवाज रडतो किंवा हसतो. वादक ज्या आवाजासाठी जीव टाकतात तो हाच. छोटा डबा तिथे लवकर पोहोचतो. पन्नास वॅटच्या ॲम्प्लिफायरला घरात हळू वाजवायला लावणं म्हणजे पैलवानाला पाण्याचा तांब्या उचलायला सांगणं. त्याला घामच फुटत नाही, आणि या वाद्यात सगळी गंमत घाम फुटण्यात आहे.

मग मोठे ॲम्प्लिफायर आले कशाला? गर्दीसाठी. साठच्या दशकात मैफलीची ध्वनियंत्रणा मुख्यतः गायकापुरती असे. गिटारला आपल्याच ॲम्प्लिफायरने सभागृह भरावं लागे. लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानातून १९६२ साली पहिला मार्शल ॲम्प्लिफायर बाहेर पडला. तीन-चार वर्षांत शंभर वॅटचे आले. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये सुमारे ५५ हजार लोकांसमोर बीटल्स वाजले. व्हॉक्स कंपनीचे शंभर वॅटचे ॲम्प्लिफायर सोबत असूनही लोकांच्या किंचाळण्यात गाणं बुडालं. त्या गर्दीची गरज पुढे चैनीची वस्तू झाली आणि मोठा डबा म्हणजे मोठा वादक असा समज पसरला.

आपल्याकडचा इतिहास वेगळा. परदेशी माल आणायला परवाना लागे, त्यामुळे आपले व्हॉल्व्ह मुख्यतः रेडिओत दिसले. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ साली रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली. मर्फीचे रेडिओ ठाण्यात बनत. मुंबईत ताडदेवच्या फिल्म सेंटरसारख्या स्टुडिओत अनेक वादक एकत्र बसून गाणं रेकॉर्ड करत. तिथे गिटार फार मोठ्याने वाजली, तर ती शेजारच्या व्हायोलिनच्या माईकमध्येही शिरणार. १९७१च्या 'दम मारो दम'मधली भूपिंदर सिंग यांची गिटार आठवा. मैदान भरण्याची ताकद तिथे कामाची नव्हती. माईकजवळचा नेमका आवाज हवा होता.

हे ऐकून भाचा म्हणाला, "मग दादाजानचा जुना रेडिओच वापरतो. मागे ग्रामोफोनची भोकं आहेत." कल्पना चुकीची नाही, त्या भोकांतून गिटार वाजते. पण मी त्याला सक्त मनाई केली. त्या काळच्या एसी-डीसी संचांत ट्रान्सफॉर्मर नसे, लोखंडी सांगाडा थेट विजेच्या तारेला जोडलेला असे. गिटारीची तार हातात आणि सांगाड्यात वीज, म्हणजे जिवाशी खेळ. जाणकार मेकॅनिकने तपासल्याशिवाय जुन्या रेडिओला हात लावायचा नाही.

आता हिशेब. पाच वॅटचे पन्नास वॅट केले, तर कानाला आवाज दहापट नव्हे, जेमतेम दुप्पट वाटतो. उलट बाजूही तितकीच खरी. गिटारच्या चांगल्या स्पीकरला एकच वॅट दिला, तरी एक मीटरवर ९५ डेसिबलच्या पुढे आवाज जातो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. तेव्हा पाच वॅटसुद्धा घरात कमी नाहीत. म्हणून ताकद कमी करण्याचा खटका असलेला डबा पाहावा. व्हॉक्सच्या एसी-४ टीव्हीत चार, एक आणि पाव वॅट असे तीन टप्पे होते. निदान मास्टर व्हॉल्यूम तरी हवा. त्याने सुरुवातीचे व्हॉल्व्ह तापवता येतात आणि बाहेरचा आवाज आवरता येतो. हळू आवाजात कानाला खर्ज आणि वरची पट्टी कमी ऐकू येते, म्हणून दुकानातही घरच्याच आवाजात वाजवून पाहावं. आणि स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर कधीच वाजवू नये, आतला ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

भाच्याने शेवटी एक वॅटचा डबा घेतला. तोही तो दुपारी तीननंतरच लावतो, मेहुणे चहाला उठल्यावर. परवा बहिणीने फोनवर सांगितलं, चहाचा कप घेऊन ते त्याच्या खोलीच्या दारात उभे होते. "काय वाजवतोस रे?" त्यांनी विचारलं.

"लैला, अब्बा."

"मग जरा मोठ्याने वाजव की."