मामलतीची बोली आणि रयतेचा हिशेब

सरकारी कामाचा मक्ता सर्वाधिक बोली बोलणारास दिला म्हणजे न्याय झाला, अशी एक समजूत आढळते. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीतील (१७९६-१८१८) मामलतींचा इतिहास ही समजूत किती अपुरी आहे, हे दाखवितो.

नाना फडणिसांच्या काळी मामलतदारावर दरकदारांचा अंकुश असे. दिवाण, मुजुमदार, फडणीस, पोतनीस इत्यादी दरकदारांना दूर करण्याचा अधिकार मामलतदारास नव्हता. त्यांच्या संमतीवाचून हिशेब प्रमाण मानला जात नसे. ही व्यवस्था सर्वस्वी निर्मळ होती असे मात्र नव्हे. जमा लपविणे, खोट्या हजिऱ्या मांडणे, दरबारातील वजनदार मंडळींना ‘अंतस्थ’ म्हणून गुप्त रक्कम पोचविणे हे प्रकार चालतच. तथापि परस्परांवरील देखरेखीमुळे या लोभास मर्यादा पडे.

वसईच्या तहानंतर (१८०२) ही मर्यादा सुटली. मक्त्याने वसुली देण्याची चाल पूर्वी अज्ञात नव्हती. पण आता तीच सर्वसाधारण झाली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ च्या अहवालात तिचे वर्णन केले आहे. मामलती पेशव्याच्या परिवारातील मंडळींत लिलावाने दिल्या जात. चढी बोली बोलण्यास त्यांना उत्तेजन मिळे आणि कां-कूं करणारावर कधीकधी गैरमर्जीही होई. मामलतदार तोच मुलूख वाढीव रकमेने पोटमक्त्याने देई, आणि ही साखळी पाटलापर्यंत पोचे. पाटलाने मक्ता घेतला तर तो गावाचा निरंकुश धनी होई. नाकारला तर मामलतदाराची माणसे त्याहूनही निर्दयपणे वसुली करीत. सारा जमिनीवर न बसता माणसाच्या ऐपतीवर बसू लागला.

येथे बोली होती, परंतु स्पर्धा खुली नव्हती. बोली बोलणारे मर्जीतले आणि बोली न बोलण्याची त्यांना मोकळीक नाही, अशी ती स्पर्धा होय. याहून गंभीर दोष असा की, मक्ता दिल्यानंतर तपासणीचे प्रयोजनच उरले नाही. ठरलेली रक्कम पोचली की सरकारचा हिशेब पुरा होई; रयतेचा हिशेब कोणीच विचारीत नसे. पूर्वी मामलतदार हा पाटलावरील अंकुश होता. आता तोच पाटलाच्या जुलमाचे निमित्त बनला.

दक्षिण कोकणात प्रश्नाचे स्वरूप निराळे होते. इंग्रजी अंमलाच्या आरंभी मक्तेपद्धती बंद करण्याचे धोरण एल्फिन्स्टनने पुरस्कारिले. परंतु मालगुंड ज्यात मोडते त्या रत्नागिरी जिल्ह्यात वंशपरंपरेने वसुली करणारा खोत कायम राहिला. सरकारात भरावयाचा सारा आणि कुळाकडून घेतलेले उत्पन्न यांतील अंतर हा त्याचा फायदा. १८८० च्या खोती कायद्याने या संबंधांचे नियमन केले. त्यांचा शेवट मात्र केला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष उच्चाटन १९४९ च्या कायद्याने झाले. म्हणजे बोली बंद केल्यानेही अन्याय आपोआप संपत नाही. पुण्याच्या दरबारातील मक्ता वर्षावर्षाने चढे, कोकणातील मक्ता वंशपरंपरेने गोठला. परिणामी कुळाच्या पदरी पडले ते सारखेच.

या दोन्ही अनुभवांत देणाऱ्यावर कोणताच नियम बंधनकारक नव्हता. मुंबई विमानतळावरील उपाहारगृहाच्या निविदेसंबंधी रामन्ना दयाराम शेट्टी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये नेमके यावरच बोट ठेविले. निविदेत स्वतः घातलेली अनुभवाची व पात्रतेची अट प्राधिकरणास एकासाठी शिथिल करता येणार नाही. कारण ती अट वाचून जे पुढे आले नाहीत त्यांची समान संधी त्यामुळे हिरावली जाते, असा तो निर्णय होता. मात्र अर्जदाराचा विलंब आणि अन्य कारणांमुळे दिलेले कंत्राट न्यायालयाने रद्द केले नाही.

उत्तर पेशवाईचे अपयश केवळ बाजीरावाच्या धनलोभावर ढकलणे म्हणूनच पुरेसे नाही. कोणास बोलता येईल, कोणत्या अटीवर, आणि काम दिल्यावर त्याचा हिशेब कोणापुढे, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी जाहीर नसतील, तर मोठ्यात मोठी बोलीही अखेर दुर्बळाच्याच पदरातून फेडली जाते.