भोर व वेल्हे परिसरातील वीज पारेषण

भोर व वेल्हे (नवे नाव राजगड) हे पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस सह्याद्रीच्या रांगांत वसलेले तालुके आहेत. येथे धरणांवरील वीजनिर्मिती होते. मात्र निर्माण झालेली वीज राज्याच्या सामाईक जाळ्यात जाते. त्यामुळे अशा भागात नव्या अतिउच्चदाब वाहिनीची गरज केवळ स्थानिक मागणीवरून ठरत नाही.

स्थानिक निर्मिती

वेळवंडी नदीवरील भाटघर धरणाच्या पायथ्याशी १६ मेगावॅट क्षमतेचे जलविद्युत केंद्र आहे. वेल्हे तालुक्यातील पानशेत व वरसगाव येथील केंद्रांची क्षमता प्रत्येकी ८ मेगावॅट आहे. तिन्ही मिळून ३२ मेगावॅट होतात. ही केंद्रे मुख्यतः सिंचन व पाणीपुरवठ्यासाठी सोडलेल्या पाण्यावर चालत असल्याने त्यांची निर्मिती विजेच्या मागणीनुसार हवी तेव्हा वाढवता येत नाही.

गरज ठरविण्याचे निकष

इ.स. २००५ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन झाल्यापासून पारेषणाची जबाबदारी महापारेषणकडे व वितरणाची महावितरणकडे आहे. दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो. वाहिनीचा खर्च अखेरीस दरांतून ग्राहकांकडून वसूल होत असल्याने पुढील बाबी तपासल्या जातात :

* वर्षाचा एकूण वापर नव्हे, तर कमाल मागणी आणि तिच्या वाढीचा अंदाज;
* एक वाहिनी किंवा रोहित्र बंद पडल्यास उरलेली यंत्रणा भार पेलू शकते का;
* वाहिनीच्या टोकाला दाब किती घटतो व वहनात किती वीज वाया जाते.

तेवढीच वीज दुप्पट दाबाने वाहून नेल्यास प्रवाह निम्मा होतो आणि त्याच तारांतील हानी सुमारे एक चतुर्थांशावर येते. तथापि, भार कमी असेल तर ही बचत भांडवली खर्च भरून काढण्यास पुरत नाही. अशा वेळी जुन्या तारांच्या जागी अधिक क्षमतेच्या तारा बसविणे, कपॅसिटर लावणे किंवा कृषिपंपांना दिवसा स्थानिक सौरवीज देणे हे पर्याय विचारात घेतले जातात.

सुरक्षिततेचा प्रश्न

सरासरी मागणी भागत असली तरी पर्यायी मार्गाअभावी पुरवठा कोलमडू शकतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगर अंधारात गेल्यानंतर दीर्घकाळ रखडलेल्या खारघर–विक्रोळी ४०० किलोव्होल्ट वाहिनीची निकड अधोरेखित झाली. ती २०२३ मध्ये कार्यान्वित झाली.

जमीन व मोबदला

२२० किलोव्होल्ट वाहिनीसाठी सुमारे ३५ मीटर, तर ४०० किलोव्होल्टसाठी सुमारे ४६ मीटर रुंदीचा पट्टा लागतो. त्यात उंच झाडे व घरे यांवर निर्बंध येतात. शेती करता येते. डोंगराळ भागात वनजमिनीसाठी स्वतंत्र मंजुरी घ्यावी लागते. केंद्र सरकारच्या जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मनोऱ्याखालील जमिनीसाठी तिच्या मूल्याच्या २०० टक्के व ग्रामीण भागातील पट्ट्यासाठी ३० टक्के मोबदला सुचविला आहे.

ज्या गावांवरून तारा जातात त्यांनाच ती वीज मिळते असे नाही. वेल्ह्यालगतच्या मुळशी खोऱ्यात हा प्रश्न शतकापूर्वीच उभा राहिला होता. मुंबईला वीज पुरविण्यासाठी टाटा कंपनी बांधत असलेल्या धरणाविरुद्ध इ.स. १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. धरण झाले आणि गावे पाण्याखाली गेली. म्हणूनच वाहिनीचे समर्थन तपासताना मागणी किती आहे याबरोबरच ती कोणाची आहे, हेही स्पष्ट असणे आवश्यक ठरते.