तळटीप २७ : पाऊस आणणारा माणूस

२७. ‘पाऊस आणणारा माणूस’ : संदर्भ अमोल पालेकर (जन्म १९४४) दिग्दर्शित ‘थोडासा रूमानी हो जायें’ (१९९०) या हिंदी चित्रपटाचा. मूळ कल्पना ‘द रेनमेकर’ या अमेरिकी नाटकाची. नाना पाटेकरांचा बारिशकर कोरड्या पडलेल्या गावात येतो आणि पैसे घेऊन पाऊस पाडून देतो म्हणतो; खरा खेळ मात्र बिन्नीच्या (अनिता कंवर) मनातल्या दुष्काळाशी आहे. १९७२चा दुष्काळ सोसलेल्या परभणीकराला हे पात्र जवळचे वाटावे, यात नवल नाही. पात्रे मधूनच लयबद्ध, कवितेसारखे बोलू लागतात. बाजाराचा विचार करणारा दिग्दर्शक हे धाडस करता ना. ‘रजनीगंधा’, ‘छोटी सी बात’मुळे नट म्हणून नाव झालेल्या पालेकरांनी १९८१मध्ये मराठी ‘आक्रीत’पासून दिग्दर्शन सुरू केले. हिंदीत ‘अनकही’ खानोलकरांच्या ‘कालाय तस्मै नमः’वरून, ‘कैरी’ जी. ए. कुलकर्णींच्या कथेवरून. ‘अनकही’तल्या गायनासाठी भीमसेन जोशींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शाहरुख खान असलेला ‘पहेली’ (२००५) ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका ठरला. तरी संपादकाच्या मते पालेकरांची खरी उंची ‘दायरा’ (१९९६)मध्येच दिसते.